दिवा पेटलेली लाईन

“दिवा लागला म्हणजे माणूस बोलतंय असं नसतं, फौजदार. कान लावून बघावं लागतं.”

मावशीने हे सांगितलं तेव्हा फौजदार मावशीच्याच मोबाइलवर बोट फिरवत बसली होती. मान वर न करता तिने नुसतं “हं” केलं. तिच्या “हं”चा अर्थ “ऐकलं नाही” असा असतो, हे मावशीला ती शाळेत होती तेव्हापासून ठाऊक. म्हणून मावशीनेही पुढे ताणलं नाही. चहा गाळला, कप तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “गार करू नकोस.”

फौजदार हे काही तिचं खरं नाव नव्हे. आई गेल्यावर ती मावशीकडे राहायला आली, तेव्हा झोपण्याआधी घरभर फिरून गॅसचं बटण, दाराची कडी, मोरीचा नळ बघून यायची. आल्यावर परत एकदा जायची. “झाली का गस्त, फौजदार?” मावशी अंथरुणातून विचारायची. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे शिक्षण झालं, लग्न झालं, दुसऱ्या शहरात बिऱ्हाड झालं, मुलगी झाली. मुलीला दोघी गुंडी म्हणतात, कारण तिचं नाक शर्टाच्या गुंडीएवढं आहे. पण फौजदारकी काही सुटली नाही, उलट वाढली. गुंडी झोपली की ही तिच्या छातीवर तळवा ठेवून श्वास चालू आहे ना ते बघते. नवरा जहाजावर मेकॅनिक. तो म्हणतो, “तुझ्या हातात दुर्बीण दिली तर चंद्राचाही ताप बघशील तू.” एवढं म्हणतो, आणि जहाजाचं नेटवर्क जातं.

त्या दिवशी मावशीच्या मोबाइलमध्ये तिचं काय चाललं होतं, तर मावशीच्या आरोग्य विम्याच्या कंपनीने प्रत्येक विमाधारकाचं एक इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड उघडलं होतं. डॉक्टरांनी तपासलं की तिथे नोंद होते. रक्त तपासलं की त्याचा रिपोर्ट येतो. दुकानातून औषध दिलं की तेही चढतं, आणि पुढे एक हिरवी खूण उमटते. कुणाला काय दाखवायचं आणि काय झाकायचं, ते विमाधारकाने ठरवायचं. शिवाय आपला एक प्रतिनिधी नेमता येतो. त्याला आपल्या मोबाइलवर सगळं दिसतं, आणि उद्या काही बरंवाईट झालंच तर हॉस्पिटल त्यालाच फोन करतं. मावशीने फौजदारला नेमलं. दुसरं होतंच कोण?

“आता तू इथे शिंकलीस तरी मला तिकडे कळेल,” फौजदार खूश होऊन म्हणाली.

“डॉक्टरसमोर शिंकले तर,” मावशी म्हणाली, आणि मग ते दिव्याचं सांगितलं.

ते दिव्याचं काय ते सांगायला हवं. मावशी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. परगावचे कॉल हाताने जोडून द्यायचे ते दिवस. समोर बोर्ड, बोर्डवर इवलेसे दिवे. लाईन जोडली की दिवा लागायचा. पण कधी कधी पलीकडच्याने रिसिव्हर ठेवलेला असायचा, कधी लाईन मध्येच मेलेली असायची, आणि दिवा मात्र ऐटीत चालू. अलीकडचा माणूस बिचारा “हॅलो, हॅलो” करत बसलेला. म्हणून ऑपरेटरने दर थोड्या वेळाने बटण दाबून मध्ये शिरायचं आणि विचारायचं, “बोलताय ना?”

“लोक चिडायचे,” मावशी सांगायची. “अहो बोलतोय, मध्ये कशाला येता! असं खेकसले की मी खूश. खेकसले म्हणजे लाईन ठणठणीत.”

हे सगळं फौजदारने लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते तिच्या कानावरून पंख्याच्या आवाजासारखं जायचं.

मावशीच्या हृदयाचे ठोके नीट पडत नव्हते. मध्येच अडखळायचे, मध्येच धावायचे. अशाने हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकू शकते, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची लावून दिली होती. फौजदारने त्या गोळीबद्दल मिळेल ते सगळं वाचलं होतं. रेकॉर्डमध्ये त्या गोळीपुढे दर महिन्याला हिरवी खूण आली की तिला हायसं वाटायचं.

सुरुवातीला एक गोष्ट घडली. एके दिवशी रेकॉर्डमध्ये नवी नोंद आली. नाकातून रक्तस्राव, तपासणी केली, गोळी चालू ठेवावी. फौजदारने तिथल्या तिथे फोन लावला.

“मावशी! नाकातून रक्त? आणि मला बोलली नाहीस?”

“तुला कुणी सांगितलं?”

“रेकॉर्डमध्ये आलंय.”

“हात्तिच्या! म्हणजे मी नाक पुसायच्या आत तुला बातमी? अगं, थेंबभर आलं. थांबलं पण.”

फौजदारचा काही त्यावर विश्वास बसला नाही. फोनवर रडली, रागावली, आणि दुसऱ्या दिवशी गुंडीला काखोटीला मारून भर उन्हाची बस पकडली. मावशी दारात धडधाकट उभी. आजारी पडली ती गुंडीच. प्रवासाने तिला ताप चढला, पोटात काही ठरेना. ते सगळे दिवस मावशी रुमाल भिजवून तिच्या कपाळावर ठेवत बसली, आणि फौजदार थर्मामीटर झटकत बसली. निघताना मावशीने गुंडीचा पापा घेतला आणि म्हणाली, “आता मला काही व्हायचं नाही, बघ.”

फौजदारला वाटलं, मावशी आशीर्वाद द्यावा तसं स्वतःलाच म्हणतेय.

आणि खरंच, त्यानंतर काही झालं नाही. रेकॉर्ड कसं स्वच्छ झालं. डॉक्टरांची नोंद नाही, तक्रार नाही, फक्त महिन्याच्या महिन्याला औषधांपुढे हिरव्या खुणा. फौजदार सकाळी गुंडीला दूध पाजताना एका हाताने रेकॉर्ड उघडायची, खूण बघायची, आणि जिवात जीव यायचा. आधी ती मावशीला रोज फोन करायची. आता फोन करायला निवांतपणा लागतो, गुंडी झोपलेली लागते, आणि गुंडी झोपली की आवाज करायची सोय नसते. त्यापेक्षा हे बरं. उघडलं, बघितलं, मिटलं.

रेकॉर्ड कुणी कधी उघडलं, तेही तिथे दिसतं. मावशी ते वाचायची. दुसरं वाचायला कुणाचं पत्रबित्र येतच नव्हतं. एकदा फोन झाला तेव्हा म्हणाली, “काल दोनदा आली होतीस म्हणे.”

“कुठे?”

“माझ्या रेकॉर्डात. सकाळी आलीस, दुपारी आलीस. बसली नाहीस. चहा राहिला.”

दोघी हसल्या. गुंडी उठली आणि फोन राहिला.

फौजदारचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते: पाइप, एसीची खोकी, वाळत घातलेल्या चादरी. कुणी माणूस दिसलंच तर ते कपडे काढायला येतं आणि काढून जातं. तिची या शहरात ओळख म्हणावी तर लसीच्या दवाखान्यातल्या नर्सशी, आणि ती नर्स दर वेळी नवी असते. काही दिवस असे जातात की गुंडीशी सोडून कुणाशी बोलणंच होत नाही. संध्याकाळी घसा खाकरला की आपलाच आवाज परका वाटतो. अशा वेळी तिला मावशीची आठवण यायची. मग ती रेकॉर्ड उघडायची.

त्या दिवशी ती गुंडीच्या मानेखालची पावडर पुसत होती. अनोळखी नंबर. एरवी तिने उचलला नसता, पण फौजदारकी आडवी आली.

“तुम्ही प्रतिनिधी का?” पलीकडे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतली डॉक्टर होती. आवाज तरुण, घाईचा, पण नीट. तिने मावशीचं वय सांगितलं, पत्ता सांगितला. मावशीच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं, म्हणून त्या वर गेल्या. चौकीदाराने दार उघडलं. नळ चालू, आणि मावशी खाली बसलेली. उजवा हात हलत नाही. तोंडातून शब्द येत नाही. “सकाळी जिन्यात त्या बाईंशी बोलल्या होत्या. म्हणजे झटका येऊन फार वेळ झालेला नाही. मेंदूत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आमच्याकडे आहे.”

“मग द्या ना!”

“तेच विचारायला फोन केलाय. रेकॉर्डमध्ये रक्त पातळ करणारी गोळी दिसतेय. ती चालू असेल तर हे इंजेक्शन देता येत नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्यांना तर बोलता येत नाहीये. गोळी रोज घेतात का? शेवटची कधी घेतली?”

फौजदारने फोन कानापासून दूर करून स्पीकरवर टाकला आणि रेकॉर्ड उघडलं. गोळी. हिरवी खूण. आणि खाली मागच्या महिन्याची, त्याच्या खाली त्याच्या आधीच्या महिन्याची. एका ओळीत, इमानदार.

“हो,” ती म्हणाली. “रोज. मी बघते ना, दर महि...”

आणि तिथे तिची जीभ अडली. काय बघते मी? दुकानदाराने गोळी दिली, ते. दुकानापासून घर, घरापासून पाण्याचा पेला, पेल्यापासून घसा, यातलं काय बघितलं मी? दिवा तर चालूच होता. मध्ये शिरून कुणी विचारलं होतं?

“थांबा,” ती म्हणाली. “मला माहीत नाही.”

“माहीत नाही?”

“दुकानातून गेली एवढंच माहीत आहे. पोटात गेली की नाही, माहीत नाही.”

डॉक्टर रागावली नाही. “तेवढं तर मलाही इथे दिसतंय,” ती म्हणाली. “एक रक्ततपासणी लावतेय, पण तिच्यावर सगळं सोडता येत नाही. पक्कं कळलं नाही तर घेतात असंच धरावं लागेल मला. इंजेक्शनची वेळ निघून जाईल. घरी जाऊन कुणी बघून सांगेल का? शेजारीपाजारी?”

“त्या खालच्या बाई?”

“त्या रुग्णवाहिकेत बसवून देऊन गेल्या. त्यांचा नंबर घ्यायचं राहिलं.”

फोन ठेवल्यावर फौजदार खोलीच्या मधोमध उभी राहिली. मावशीचं हिमोग्लोबिन तिला पाठ होतं. मूत्रपिंडाचा आकडा पाठ होता. मावशीच्या शेजारच्या दाराआड कोण राहतं, हे तिला ठाऊक नव्हतं. चौकीदाराचा नंबर नव्हता. मावशीच्या मैत्रिणी कोण, त्या जिवंत आहेत की नाहीत, हेही नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे तरी खाली शेळ्यांपाशी कुणी असावं लागतं. गुंडी पालथी पडून कार्पेटचा धागा तोंडात घालायला बघत होती. तिला एका हाताने उचलून तिने पुन्हा रेकॉर्ड उघडलं, आणि या वेळी हिरव्या खुणेकडे न बघता तिच्या शेजारच्या बारीक अक्षरांकडे बघितलं. औषध देणाऱ्या दुकानाचं नाव. दुकानाचा फोन.

“बोला,” दुकानदार म्हणाला. मागे कुणीतरी खोकल्याच्या औषधाची चव विचारत होतं.

तिने सांगितलं. श्वास न घेता सांगितलं.

“मावशी? आपल्या एक्स्चेंजवाल्या मावशी?” दुकानदाराचा आवाज उतरला. “अहो, त्या दुकानात कुठे येतात हल्ली! मी पुडा दारावर लटकवून येतो. बेल वाजवली की आतून म्हणतात, ‘ठेव रे बाबा.’ झालं.”

“काका, माझ्यावर उपकार करा. वर जाऊन बघाल? चौकीदाराकडे किल्ली आहे.”

“ताई, दुकानात गिऱ्हाईक...” तो थांबला. मग दुसरीकडे तोंड करून ओरडला, “ओ, चव गोडच असते, थांबा जरा, आलो!” आणि हिला म्हणाला, “व्हिडिओ लावा. मी एकटा गेलो आणि उद्या काही इकडचं तिकडे झालं तर माझ्यावर नको.”

मग फौजदारने मावशीचं घर बघितलं. पळत्या हातातल्या मोबाइलमधून, वेडंवाकडं. जिना, चौकीदाराची टोपी, ओली फरशी. चहाचा कप विसळायचा राहिलेला. मावशीची चप्पल एक सरळ, एक उलटी. टेबलावर जुना, काळा, तारेचा फोन, लाईन नसलेला. मावशीने तो टाकायला कधी दिला नव्हता.

“कुठे ठेवतात गोळ्या?” दुकानदार धापा टाकत होता.

“स्वयंपाकघरात, खिडकीपाशी डबा.”

डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. फोडलेल्या, अर्ध्या झालेल्या, आजच्या सकाळपर्यंतच्या. रक्त पातळ करणारी गोळी तिथे नव्हतीच.

“मग घेऊन संपवल्या की काय?” तो म्हणाला. त्याने कपाट उघडलं, फळी बघितली, काही नाही. मग तिला आठवलं. लहानपणी मावशी तिच्यापासून बिस्किटं कुठे लपवायची ते.

“काका, त्या काळ्या फोनखालचा खण बघा.”

खण ओढल्याचा आवाज आला.

“काका?”

“ताई, हे सगळं आहे की इथे.” त्याने मोबाइल खणावर धरला. लहान, पांढरी खोकी, एकावर एक, नीट रचलेली. त्याने एक उचललं, उलटं केलं, दुसरं उचललं. “सील तसंच आहे. याचंही. हे तर उन्हाळ्यातलं. मीच दारावर लटकवलेलं. एकही फोडलेलं नाही.”

तिने हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टरने दुकानदारालाही लाईनवर घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले, खोक्यांवरच्या तारखा वाचून घेतल्या. तोवर रक्ताचा रिपोर्टही आला होता. “बरं,” ती म्हणाली. “तरी धोका राहतोच, आधीच सांगते. पण देतेय मी इंजेक्शन.” फौजदार “हो” म्हणाली. तो “हो” इतका बारीक होता की डॉक्टरला परत विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने पोहोचली, गुंडीला कापडात गुंडाळून. मावशी वॉर्डात खिडकीपाशी होती. उजव्या हाताची बोटं चादरीवर जराजराशी हलत होती. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, पण डोळे तेच. तिने फौजदारला बघितलं, गुंडीला बघितलं, आणि काही बोलायचा प्रयत्न केला. शब्द आला नाही. डोळ्यांत पाणी आलं.

दुपारपर्यंत शब्द येऊ लागले, एकेक करून, दोरीवरून उतरवलेल्या कपड्यांसारखे.

“हात... निळा,” मावशीने डाव्या हाताने उजवा दंड दाखवला. तिथे जुन्या डागांच्या फिकट खुणा होत्या. “गोळी.”

“गोळीने डाग पडायचे? म्हणून सोडलीस?”

मावशीने मान डोलावली.

“मग डॉक्टरकडे का नाही गेलीस? बदलून दिली असती दुसरी!”

मावशीने डोळे मिटले आणि बराच वेळ शब्द शोधला. “नोंद,” ती म्हणाली. मग, “तू... येशील.” आणि मग गुंडीकडे बोट केलं. “ताप.”

एवढे दिवस ते रेकॉर्ड स्वच्छ दिसत होतं, ते फौजदारसाठी झाडून ठेवलेलं अंगण होतं. ती मावशीच्या पायाशी बसून पाय चेपू लागली, जोरजोरात, थोडी रागाने. मावशीने पाय मागे घेतला.

“गप... बस,” मावशी म्हणाली. पहिलं दटावणं. शेजारच्या खाटेवरची बाई हसली.

आता मावशी चालण्याबोलण्याचे व्यायाम करून घेतात त्या केंद्रात आहे, तिच्याच शहरात. फौजदार तिला आपल्याकडे आणायचं म्हणते, पण दोन खोल्या, वर जायला नुसता जिना, आणि डॉक्टर म्हणतात इतक्यात नको. म्हणून फौजदार परत त्याच गॅलरीत आहे. समोर तेच पाइप, त्याच चादरी. मावशीला आता दुसरी गोळी लावलीय, आणि रेकॉर्डमध्ये रोज काही ना काही येतं. ती ते वाचते. पण आधी फोन लावते. गुंडी झोपलेली असली तरी लावते. उठली तर उठली.

“बोलताय ना?” ती विचारते.

पलीकडे आधी श्वास ऐकू येतो. मग खाटेचा आवाज. कधी बराच वेळ तेवढंच. फौजदार थांबून राहते, आणि त्या थांबण्यात तिला कळतं की तिकडची खोलीही इकडच्या खोलीइतकीच मोठी आणि रिकामी आहे. परवा खूप वेळाने आवाज आला. शब्द अजून अडखळत होते, पण सूर जुना होता:

“बोलतेय... मध्ये... कशाला येता!”

फौजदार गॅलरीत उभी राहून रडली आणि हसली. समोरच्या इमारतीत चादर काढायला आलेल्या बाईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

तुमच्याकडे फौजदारचं मागणं एवढंच आहे. तुमच्याही मोबाइलमध्ये कुणाचं तरी सगळं ठीक दिसत असेल. शेवटचा रिपोर्ट चांगला, औषधं वेळच्या वेळी, खूण हिरवी. मामा असतील, आत्या असेल, वरच्या मजल्यावरचे सर असतील. त्यांना आत्ता फोन लावा. गोळ्यांबद्दल लगेच विचारू नका. पलीकडून “हॅलो” आलं की म्हणा, “बोलताय ना?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा. चिडून खेकसले तर फारच उत्तम. काहीच बोलले नाहीत, तर उठा, पायात चपला सरकवा, आणि जाऊन बघून या.